कुळवाची दुसरी पाळी

बाबा गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी लाल पेन्सिलचा फोन आला.

हे नाव त्यांना आमच्या घरात पडलेलं नाही. शब्दकोशाच्या कचेरीत सगळेच त्यांना पाठीमागे तसं म्हणतात. प्रमुख संपादक म्हणून लाल पेन्सिलीने लिहिण्याचा अधिकार तिथे एकट्या त्यांचा. बाकीच्यांनी निळं नाहीतर काळं लिहायचं. बाबा हिरव्या शाईने लिहायचे. हिरवी शाई कोणी उसनी मागायला येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"कशी आहेस बाळ? सावरलीस का?"

"आहे, सर."

"तुझ्या बाबांची उणीव पावलोपावली भासते बघ." मग त्यांनी घसा खाकरला. हा माणूस खाकरला की प्रस्तावना संपली समजायचं, असं बाबा सांगायचे. "ते आर अक्षराचे खोके घरीच आहेत ना गं त्यांच्या खोलीत?"

"आहेत. पलंगाखाली."

"त्यातला ‘री’चा खोका तेवढा लागेल. वरच्या मजल्यावर पाइप फुटला आणि नकलांचा तो खोका भिजून लगदा झाला. सुधारलेली आवृत्ती तोंडावर आलीय. तू रजेवरून येशील तेव्हा घेऊन ये, काय? जड वाटला तर रिक्षा कर."

"लेखी पत्र लागेल, सर. मूळ कार्डं आहेत. हस्तांतराचा नियम आहे."

ते हसले. "अगदी बापाची मुलगी आहेस. पाठवतो पत्र."

पत्र दुसऱ्या दिवशी आलं. खाली लाल पेन्सिलीतली त्यांची सही होती, शेवटच्या अक्षराला घोड्याच्या शेपटीसारखा फराटा. मी ते पत्र घडी न करता फायलीत ठेवलं आणि आत्याला म्हटलं, "येत्या रविवारी सकाळी पाहुणे आहेत. तू साक्षीदार."

"कसली साक्ष?"

"ऐकल्याची."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ते गेल्यापासून माझ्याकडेच आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही असं ती परक्यांना सांगते. प्रत्यक्षात भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कुणी कुणाला काय कुजबुजलं, हे तिला त्या बिऱ्हाडातल्या माणसांच्या आधी कळतं.

आता मागचं सांगायला हवं.

आमच्या कोशात प्रत्येक इंग्रजी शब्दाचं एक कार्ड असतं. वर शब्द, खाली उच्चार, मग शब्दाचं मूळ, मग अर्थ, पाठीमागच्या बाजूला उदाहरणाची वाक्यं आणि कोपऱ्यात सही-तारीख. मूळ कार्डावर खाडाखोड तशीच राहते. त्यावरून स्वच्छ नक्कल टाइप होते आणि छापखान्यात जाते ती नक्कल. छपाई झाली की मुद्रितं, म्हणजे प्रुफं, रद्दीत जातात. मूळ कार्ड मात्र ज्याने ते अक्षर सांभाळलं त्याच्याकडे राहतं. आर अक्षर बाबांचं होतं. त्यावर त्यांची नऊ वर्षं गेली.

ताडणी मोठ्याने वाचून करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. एकाने कार्ड वाचायचं, दुसऱ्याने नक्कल बघत ऐकायचं. मी नऊ वर्षांची असल्यापासून बाबांची ऐकणारी होते. टेबलाच्या आतल्या बाजूला त्यांची खुर्ची, बाहेरच्या बाजूला माझं स्टूल. ते वाचायचे ते विरामचिन्हांसकट: "धीर धरणे स्वल्पविराम वाट पाहणे अर्धविराम." मी एकदा शाळेत कविता तशीच म्हटली आणि बाई मला वर्गाबाहेर घेऊन गेल्या. बाबांना सांगितलं तर ते डोळ्यांतून पाणी येईतो हसले. म्हणाले, "बाईंना सांग, कवीने स्वल्पविराम फुकट घातलेला नसतो."

आणखी एक नियम त्यांनी शिकवला होता. खोडलेलंही वाचायचं. आधी म्हणायचं "खोडलेलं सुरू", मग मजकूर, मग "खोडलेलं संपलं". मी विचारलं होतं, जे खोडलं ते कशाला वाचायचं? "खोडलेलं म्हणजे नसलेलं नव्हे. माणसाने आधी काय म्हटलं होतं ते कळायला नको?"

‘रिहर्स’ या क्रियापदाचं कार्ड त्यांनी केलं ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी तेव्हा मोठी झाले होते, कोशातच हंगामी म्हणून चिकटले होते, त्यामुळे घरची ताडणी सुटली होती. बाबा जेवायला बसले आणि त्यांनी घास हातातच धरून ठेवला.

"तालीम करणे, पाठ म्हणून दाखवणे, गाऱ्हाण्यांचा पाढा वाचणे. अर्थ सगळे ठाऊक आहेत. पण मूळ माहीत आहे? जुन्या फ्रेंचमध्ये शेतातलं एक अवजार आहे, दातेरी कुळव. त्याच्यावरून हे क्रियापद. एकदा कुळवलेली जमीन पुन्हा कुळवायची. पहिल्या पाळीत जी ढेकळं फुटली नाहीत ती दुसऱ्या पाळीत फोडायची. म्हणजे बघ, पुन्हा म्हणणं हे नुसतं पुन्हा म्हणणं नाही. आत राहिलेलं वर काढणं."

"जेवा आधी," मी म्हटलं.

"अगं, पुढे ऐक. त्याच कुळवाच्या आकाराची मेणबत्त्यांची चौकट शवपेटीवर लावायचे. तिच्यावरून शववाहिकेला ‘हर्स’ हा इंग्रजी शब्द मिळाला. आणि कुळवाच्याही मागे जाशील तर लॅटिन, आणि त्याच्याही मागे, काही जाणकार म्हणतात, लांडगा. दातांमुळे."

बाबा गेले त्या दिवशी शववाहिकेत त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मला तो घास धरून ठेवलेला हात आठवला.

छापून आलं ते मात्र वेगळंच. ‘रिहर्स: री अधिक हिअर. पुन्हा ऐकवणे.’ ऐकणे या अर्थाचं इंग्रजी क्रियापद त्या शब्दाच्या पोटात दिसतं, म्हणून ते तिथूनच आलं असणार, हा शाळकरी तर्क. एका परदेशी प्राध्यापकाने परीक्षण लिहिलं आणि त्यात या एका नोंदीला पाऊण परिच्छेद दिला. शब्दांची मुळं कानाने शोधणारा कोश, असं त्यांनी म्हटलं. कोशाच्या मंडळाची बैठक बसली. लाल पेन्सिल उभे राहिले आणि म्हणाले, "आर अक्षर कोणाकडे होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी विश्वासाने सही केली. विश्वास ठेवला ही माझी चूक."

बाबा त्या बैठकीत काही बोलले नाहीत. त्यांचं नाव मुखपृष्ठामागच्या पानावरून उतरलं. त्यांना तळमजल्यावर कागदाच्या कोठीत बसवलं, रिमं मोजायला. त्यानंतर तीन आठवड्यांनी मला कायम केल्याची ऑर्डर निघाली. मी ती घेऊन घरी आले तर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं एकदाचं."

त्यांनी मूळ बरोबर लिहिलं होतं हे मला माहीत होतं. घास हातात धरून सांगितलं होतं त्यांनी. पण नक्कल चुकीची टाइप झाली, मुद्रितं रद्दीत गेली, आणि मी विचारलं की ते म्हणायचे, "जाऊ दे. झाकली मूठ." मीही जाऊ दिलं. तळमजल्यावरून जाताना कोठीचं दार उघडं असायचं आणि मी जिन्याकडे बघत पुढे जायचे. अकरा वर्षं.

रोज संध्याकाळी कचेरीतून आले की हातपाय धुऊन ते खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि आतून पुटपुटणं ऐकू यायचं. मला वाटायचं, जुनी कार्डं वाचतायत. सवय आहे. कधी "सभासदहो" असा शब्द कानावर यायचा. म्हातारपण, मी म्हणायचे, आणि कुकर लावायचे.

ते गेल्यावर कचेरीत शोकसभा झाली. मी आणि आत्या पहिल्या रांगेत होतो. लाल पेन्सिल बोलायला उठले. बाबांची सचोटी, वक्तशीरपणा, हिरवी शाई, सगळं झालं. मग ते म्हणाले, "माणूस म्हटला की चुकतो. आरच्या खंडात त्यांच्या हातून जे घडलं ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं. आज मी सर्वांच्या वतीने सांगतो, आम्ही ते केव्हाच विसरलो. त्यांनीही आता शांत व्हावं." माना हलल्या. कुणीतरी डोळेही पुसले. मेलेल्या माणसाला क्षमा करण्यासारखं सोपं दुसरं काम नाही. तो नको म्हणायला उठत नाही.

आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "याच्या जिभेला हाड आहे का गं?"

 त्याच खुर्चीवर बसून मी ठरवलं. हे वाक्य हा माणूस माझ्या घरी येऊन, मोठ्या आवाजात, स्वतःच्या तोंडाने परत घेईल.

कसं, ते मला एकोणिसाव्या दिवशी कळलं. त्या दिवशी मी खोके पुसायला काढले आणि ‘री’च्या खोक्यात ते कार्ड मिळालं.

प्रत्येक खोक्याच्या झाकणाला आतून हस्तांतराचे नियम चिकटवलेले आहेत. एका साहाय्यकाने बदलीच्या वेळी चाळीस कार्डं हरवली होती, तेव्हा लाल पेन्सिलनी स्वतः ते केले. ज्याच्या सहीने खोका मागवला त्याने प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचायचं, खोडलेल्या मजकुरासह, सही-तारखेसह. देणाऱ्याने नोंदवहीशी ताडायचं. एक साक्षीदार हवा. शेरा असेल तो जागच्या जागी लिहून दोघांनी सही करायची, आणि नोंदवहीची प्रत आठ दिवसांत मंडळाकडे. खाली तोच घोड्याच्या शेपटीचा फराटा.

खोका सहीशिवाय देता येणार नाही, तुम्हीच या, असं मी फोनवर कळवलं होतं. रविवारी दहाला ते आले. चपला काढता काढताच म्हणाले, "कुठाय खोका?"

"बसा, सर." मी स्टूल पुढे केलं. मी बाबांच्या खुर्चीत बसले. आत्या खिडकीशी मटार सोलत होती.

"हे काय?" समोर नोंदवही बघून त्यांनी विचारलं.

"नियमाप्रमाणे वाचन. तीनशे नव्वद कार्डं आहेत. आज दीडशेच्या आसपास होतील, उरलेली पुढच्या रविवारी."

"अगं, आपल्यात कसले नियम! तू लहान होतीस तेव्हा काका काका करत माझ्या खिशातली पेन्सिल पळवायचीस."

"नियम तुमचेच आहेत. मंडळाने वही मागितली तर मी काय दाखवू?"

मंडळ म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पहिलं कार्ड उचललं.

"मोठ्याने हं," आत्या म्हणाली. "डाव्या कानाचं काही खरं नाही माझ्या."

"उजवीकडे बसा मग."

"उजवीकडे ऊन येतं."

ते वाचू लागले. आवाज त्यांचा चांगला आहे, सभा गाजवलेला. पहिली वीस-पंचवीस कार्डं त्यांनी दिमाखात वाचली. मग बाबांची उदाहरणं सुरू झाली. आरचा खंड छापून झाल्यानंतरही बाबा कार्डांच्या पाठीमागे पुढच्या आवृत्तीसाठी वाक्यं लिहीत राहिले होते. सगळ्यांवर हिरवी शाई आणि तळमजल्यावरच्या दिवसांतल्या तारखा.

"‘रिब्यूक’. कानउघाडणी करणे पूर्णविराम. उदाहरण. वरिष्ठाने सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली स्वल्पविराम पण कान उघडे कोणाचे झाले स्वल्पविराम हे सांगता येत नाही पूर्णविराम." ते थांबले. "गमत्या होता हं तुझा बाप."

"काय म्हणाले?" आत्याने विचारलं.

"गमत्या होता म्हटलं."

"ते नाही. कार्डावरचं. पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. मी खूण केली.

‘रिकॅन्ट’ला, म्हणजे बोललेला शब्द मागे घेणे, बाबांनी लिहिलं होतं: ‘शब्द मागे घेतल्याने माणूस लहान होत नाही; न घेतल्याने मात्र होतो.’ तेही आत्याला दोनदा ऐकावं लागलं. साडेबारापर्यंत त्यांचा आवाज बसत चालला. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. एकशे चाळीस झाली होती.

"पुढच्या वेळी मी साहाय्यकाला पाठवतो," ते म्हणाले.

"पत्रावर सही तुमची आहे."

आत्या मटारांच्या साली गोळा करत होती. "येताना आल्याचा तुकडा चघळत या," ती म्हणाली. "घशाला बरं."

पुढच्या रविवारी ते खरोखर आलं चघळत आले. मला त्या आठवड्यात नीट झोप नव्हती. रोज मी ते कार्ड काढून बघायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. एकशे अठ्याहत्तरावं. ते मधेच पुढचं कार्ड बघून घेतील, गठ्ठा चाळतील, अशी मला भीती होती. पण त्यांनी चाळला नाही. कचेरीतही ते कधी चाळत नाहीत. सही करायची जागा बघतात.

‘रिग्रेट’ झालं. मग ‘रेग्युलर’. एकशे सत्याहत्तर. त्यांनी पुढचं उचललं.

"‘रिहर्स’." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हेच ना ते?"

"हेच. वाचा."

"खोडलेलं सुरू. जुन्या फ्रेंच भाषेतून पूर्णविराम. री म्हणजे पुन्हा स्वल्पविराम पुढील भाग म्हणजे दातेरी कुळव पूर्णविराम. मूळ अर्थ अपूर्णविराम कुळवलेली जमीन पुन्हा कुळवणे स्वल्पविराम कुळवाची दुसरी पाळी पूर्णविराम. खोडलेलं संपलं." त्यांचा आवाज शेवटाकडे संथ झाला. "म्हणजे... लिहिलं होतं त्याने."

"लिहिलं होतं. पुढे."

पुढे लाल होतं. ते वाचेनात.

"काय झालं?" आत्या म्हणाली. "मला काहीच ऐकू येईना."

"वाचतायत ते," मी म्हटलं. "अक्षर लागत नसेल."

अक्षर लागत होतं. माणसाला स्वतःचं अक्षर लागतंच. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि त्यात मला एक अशी गोष्ट दिसली जिची मी तयारी केली नव्हती. त्यांना ते आठवत नव्हतं. खरोखर आठवत नव्हतं. बैठकीत म्हटलेलं वाक्य त्यांनी नंतर इतक्या जणांना इतक्या वेळा म्हणून दाखवलं होतं की ते त्यांच्यापुरतं खरं होऊन बसलं होतं. अकरा वर्षं दोन माणसं दोन मजल्यांवर बसून आपापलं घोकत होती. एकाला सभा मिळत होती.

"नको," ते वाचू लागले. "पूर्णविराम. री अधिक हिअर. पुन्हा ऐकवणे. उघड आहे. उगाच वाचकाला शेतात नेऊ नये पूर्णविराम."

"सही?"

"सही..." फराट्यावर त्यांचं बोट होतं. "माझी."

"कोणाची?" आत्याने विचारलं.

"माझी!" ते ओरडले.

"ओरडू नका हो. डावा कान आहे, मेलेला नाही."

मी नोंदवहीत खूण केली. "मागची बाजू."

त्यांनी कार्ड पालथं केलं, पण वाचलं नाही. टेबलावर ठेवून त्यावर पंजा दाबला. "तुला हे करायचं होतं तर. यासाठी हा सगळा घाट."

"हो."

"मग एक ऐक. चूक त्याची नसती तर तो माझ्या दारात कशाला आला असता? बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. मी बोलावलं नव्हतं. उभ्या उभ्या म्हणाला, सर, मी उद्या काही बोलणार नाही, तुम्हाला काय सांगायचं ते सांगा. मुलीला कायम करा. मला काय वाटेल? मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. मी शब्द पाळला. तीन आठवड्यांत तुझी ऑर्डर काढली. काढली की नाही?"

आत्याच्या हातातल्या ताटलीचा आवाज थांबला.

एका कागदाची तारीख दुसऱ्या कागदाशी लावून बघणं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. बैठकीची तारीख मला पाठ होती. ऑर्डरची तारीख मला पाठ होती. डोक्यावर ठेवलेला हात आणि ‘झालं एकदाचं’ हेही पाठ होतं. हे तिन्ही मी कधी एका टेबलावर शेजारी ठेवले नव्हते. कोठीच्या दारावरून जिन्याकडे बघत वर जायचे, ती मी त्यांच्या गप्प बसण्यावर चढून जात होते.

लाल पेन्सिल माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत विजय नव्हता, तरी सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्यांना वाटलं, आता ही उठेल.

"मागची बाजू राहिली, सर," मी म्हटलं.

"एवढं ऐकूनसुद्धा?"

"नियम एक. दोन्ही बाजू."

त्यांनी पंजा काढला. मागे चार वाक्यं होती. पहिलं न खोडलेलं.

"उदाहरण. उद्या सांगीन स्वल्पविराम असे तो रोज स्वतःशी घोकत असे पूर्णविराम." त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "खोडलेलं सुरू. मूळ मी बरोबर लिहिले होते अर्धविराम ते कापणारा हात तुमचा होता पूर्णविराम. खोडलेलं संपलं."

"पुन्हा," आत्या म्हणाली. या वेळी ती कानाचं काही बोलली नाही.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"खोडलेलं सुरू. चूक माझी होती स्वल्पविराम हे एकदा तुमच्या तोंडून ऐकायचे आहे पूर्णविराम. खोडलेलं संपलं."

"फक्त पहिले तीन शब्द वाचा, सर."

"असं कुठे नियमात..."

"ताडणीत शंका आली तर देणारा कोणताही भाग पुन्हा मागू शकतो. मला शंका आहे."

खालून रस्त्यावर कुणीतरी दुचाकीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. ते ती सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखे बसले. मग म्हणाले, "चूक माझी होती."

"पुन्हा," मी म्हटलं.

"चूक माझी होती."

बाबांच्या खुर्चीत बसून मी ते ऐकलं. वाटलं होतं त्याहून ते लहान होतं. तरी ते माझं होतं आणि मी ते सोडणार नव्हते.

"शेवटचं वाक्य."

मी ते एकोणिसाव्या दिवशी वाचलं होतं आणि मला वाटलं होतं, बाबांना स्वतःचा अपमान मुलीला कळू द्यायचा नव्हता. आता ते लाल पेन्सिलच्या तोंडून आलं, बसक्या, आल्याच्या वासाच्या आवाजात.

"खोडलेलं सुरू. पण तिला यातले काही कळता कामा नये पूर्णविराम. खोडलेलं संपलं."

आत्याने हे पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

मी नोंदवही त्यांच्याकडे फिरवली. "शेरा."

"काय लिहू?"

"जे वाचलंत ते. तुमच्याच पेन्सिलीने."

त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. बराच वेळ टोक कागदावर टेकवून ठेवलं आणि लिहिलं: ‘मूळ नोंद बरोबर. लाल खोड माझी.’ फराटा आखूड आला.

मग मी वही माझ्याकडे ओढली. बाबांची हिरवी शाईची दौत टेबलावरच होती. देणाऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: ‘हे कार्ड न दाखवण्याच्या बदल्यात देणारीची नेमणूक कायम झाली. देणारीला हे आज कळले.’ खाली सही केली.

ते उलटं वाचत होते. कोशातल्या माणसांना उलटं वाचता येतं. "वेडी आहेस का? ही प्रत मंडळाकडे जाणार! तुझी नोकरी जाईल. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"धोंडा तिचा, पाय तिचा," आत्या म्हणाली. "तुम्ही आपलं वाचा."

"तुझ्या बापाने ज्यासाठी अकरा वर्षं तोंड शिवून घेतलं, ते तू..."

"खोडलेलं म्हणजे नसलेलं नव्हे, सर."

बाबांना हे आवडलं नसतं. त्यांनी एक ओळ लिहून स्वतःच खोडली होती आणि मी ती साक्षीदारासमोर वाचून घेतली होती. पण नको म्हणायला तेही उठणार नव्हते. शोकसभेत ज्या सोयीचा फायदा लाल पेन्सिलनी घेतला तोच मी घेत होते, हे मला कळत होतं.

ते उठले. चष्मा खिशात घातला. "ठेव तुझा खोका."

"उठलात तर तसा शेरा लिहावा लागेल. वाचन अपूर्ण. घेणारे एकशे अठ्याहत्तराव्या कार्डावरून उठून गेले." मी दौतीचं झाकण पुन्हा उघडलं. "आणि ‘री’शिवाय आवृत्ती निघणार नाही. निघालीच तर त्या जुन्या चुकीसकट, आणि या वेळी दोष द्यायला आर अक्षर दुसऱ्या कोणाकडे नसेल."

ते दाराच्या दिशेला तोंड करून उभे होते. आत्याने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला स्टुलाजवळ ठेवला. थोड्या वेळाने ते परत येऊन बसले. चष्मा लावला. पुढचं कार्ड उचललं.

"‘रेन’," ते म्हणाले. "राज्य करणे."

"मोठ्याने," आत्या म्हणाली.

"राज्य करणे पूर्णविराम."

मी खूण केली. अजून दोनशे अकरा कार्डं होती. मला घाई नव्हती.